दर महिन्याला एकच का?

सोनोग्राफीच्या खोलीत 'फॉलिक्युलर स्टडी'साठी आलेल्या बाईला पाळीच्या नवव्या-दहाव्या दिवशी बहुधा असे ऐकायला मिळते: उजवीकडे एक फॉलिकल १४ मिलिमीटरचे, बाकीची लहान. दोन दिवसांनी पुन्हा बोलावतात, तेव्हा १४चे १८ झालेले असते आणि बाकीची अहवालातून गळालेली असतात. त्या बाकीच्यांची चौकशी सहसा कोणी करत नाही. वास्तविक आठवड्याभरापूर्वी ती सगळी जवळपास एकाच मापाची होती, एकाच रक्तावर पोसली जात होती आणि त्यांतले कोणतेही पुढे जाऊ शकले असते. मग एकच का गेले? आणि तेच का?

या प्रश्नाचे घरोघरचे उत्तर ठरलेले आहे: जे सर्वांत सुदृढ ते पुढे जाते, निसर्ग पारखून घेतो. काही पाठ्यपुस्तकेही नकळत हीच भाषा बोलतात. गेल्या पन्नासेक वर्षांतले संशोधन सलग वाचले तर मात्र वेगळेच काही दिसते. बीजाच्या गुणांची परीक्षा या निवडीत फारशी होतच नाही. एक हार्मोन किती काळ आणि किती प्रमाणात मिळते, आणि ते आटू लागते त्या घडीला कोण कुठवर पोचलेले असते, यावर सारा निकाल लागतो.

फॉलिकल, म्हणजे पाठ्यपुस्तकातली पुटिका, हे एक स्त्रीबीज आणि त्याला पोसणाऱ्या पेशींचे वेष्टण. ती वाढली की तिच्यात द्रव साठतो. सोनोग्राफीच्या पडद्यावर काळे दिसते ते हे द्रवाचे तळे. बीज जेमतेम एक दशांश मिलिमीटरचे, ते त्या पडद्यावर दिसत नाही. डच वैद्य रेनिए द ग्राफ यांनी १६७२ साली या पिशव्यांचे बारकाईने वर्णन केले, पण पिशवीलाच अंडे समजले. सस्तन प्राण्याचे खरे बीज दिसायला १८२७ साल उजाडावे लागले. कार्ल अर्न्स्ट फॉन बेअर यांनी ते कुत्रीच्या अंडाशयात पाहिले.

या बीजांचा साठा जन्माआधीच भरतो आणि जन्माआधीच ओसरू लागतो. गर्भातल्या मुलीच्या अंडाशयांत पाचव्या महिन्याच्या सुमारास साठ-सत्तर लाख बीजे असतात. जन्माच्या वेळी दहा ते वीस लाख उरतात, पाळी सुरू होताना तीन-चार लाख, पाळी कायमची जाते तेव्हा हजारभर. एवढ्यांतून आयुष्यभरात फुटून बाहेर पडणारी चारशे ते पाचशे. थोडक्यात, अंडाशयात मरणे हा नियम आहे आणि बाहेर पडणे हा अपवाद. २००४ साली बोस्टनमध्ये जोनाथन टिली यांनी उंदरांवरच्या प्रयोगांतून, जन्मानंतरही नवी बीजे तयार होत असावीत असा दावा केला आणि मोठी खळबळ उडाली. स्त्रीच्या अंडाशयात असे घडते याचा पटण्याजोगा पुरावा मात्र पुढे आलेला नाही.

साठ्यातली पुटिका जागी होते तेव्हा तिला मेंदूकडून कसलाही सांगावा आलेला नसतो. पिट्युटरी ग्रंथी काढून टाकलेल्या प्राण्यांतही लहान पुटिका वाढत राहतात. या टप्प्यावर सूत्रे अंडाशयाच्याच हाती असतात. वाढीला लागलेल्या लहान पुटिका 'एएमएच' नावाचे हार्मोन सोडतात आणि ते साठ्यातल्या बाकीच्यांना झोपवून ठेवते. १९९९ साली रॉटरडॅममध्ये ज्या उंदरांत हे हार्मोन मुळातच बनत नव्हते त्यांचा साठा वेळेआधी रिता झालेला दिसला. फ्रान्सच्या आलँ गूजों यांनी स्त्रियांच्या अंडाशयांच्या छेदांवरून वाढीचा वेग मोजला, तेव्हा असे निघाले की द्रव साठण्याआधीच्या अवस्थेपासून फुटण्यापर्यंत सुमारे ८५ दिवस लागतात, आणि त्याआधीचे महिने वेगळेच. म्हणजे या महिन्यात बाहेर पडणारे बीज या महिन्याचे नसतेच. त्याने वाट धरली ती कित्येक महिन्यांपूर्वी. खरी निवड होते ती या लांबलचक प्रवासाच्या शेवटच्या दोन आठवड्यांत, आणि तिथे पहिल्यांदा पिट्युटरीचा शब्द निर्णायक ठरतो.

पाळी येण्याच्या एक-दोन दिवस आधी हे सुरू होते. मागच्या महिन्यात फुटलेल्या पुटिकेचे उरलेले पीतपिंड मावळते आणि त्याच्याबरोबर रक्तातले इस्ट्राडायॉल, प्रोजेस्टेरॉन आणि इनहिबिन-ए उतरू लागतात. या तिघांच्या दाबाखाली असलेली पिट्युटरी मोकळी होते आणि तिच्याकडून एफएसएच हे हार्मोन जास्त सुटू लागते. त्या वेळी दोन्ही अंडाशयांत मिळून दोन ते पाच मिलिमीटरच्या दहाएक पुटिका तयार उभ्या असतात. एरवी त्या याच टप्प्यावर आपोआप मरून जातात. या महिन्यात एफएसएच वाढताना नेमक्या त्या मापाला पोचल्या एवढेच त्यांचे भाग्य.

ही वाढ किती? फार नाही. मेलबर्नचे जेम्स ब्राउन वर्षानुवर्षे हार्मोनची इंजेक्शने घेणाऱ्या स्त्रियांची लघवी तपासत होते. डोस थोडा थोडा वाढवताना त्यांना दिसले की बराच काळ अंडाशय ढिम्म राहते आणि मग १० ते ३० टक्के वाढीने एकदम हलते. १९७८ साली त्यांनी यातून उंबरठ्याची कल्पना मांडली: प्रत्येक पुटिकेला एफएसएचची ठरावीक पातळी ओलांडावी लागते, आणि हा उंबरठा प्रत्येकीचा थोडा वेगळा असतो. पुढे एडिंबराचे डेव्हिड बेअर्ड यांनी त्यात वेळेची भर घातली. पातळी किती चढते यापेक्षा ती उंबरठ्याच्या वर किती दिवस राहते हे महत्त्वाचे, असे त्यांचे म्हणणे. रॉटरडॅममध्ये बार्ट फाउजर यांच्या गटाने नव्वदच्या दशकात हे स्त्रियांवर तपासले. एफएसएच थोड्या काळासाठी खूप वाढवले तरी पुढे जाणारी पुटिका बहुधा एकच राहिली. बेताचेच वाढवून नंतरचे दिवस उतरू दिले नाही, तेव्हा अनेक पुटिका मोठ्या झाल्या. माझ्या मते या साऱ्या विषयातला सर्वांत स्वच्छ प्रयोग हाच.

आता पुटिकेच्या आत काय चालते ते पाहू. तिच्या भिंतीत दोन प्रकारच्या पेशी असतात. बाहेरच्या थीका पेशी एलएच या दुसऱ्या हार्मोनच्या हुकमाने पुरुषी समजली जाणारी हार्मोने, अँड्रोजेन, बनवतात. आतल्या ग्रॅन्युलोसा पेशी एफएसएचच्या हुकमाने त्या अँड्रोजेनचे इस्ट्राडायॉल करतात. एकट्याने कोणालाच हे साधत नाही. स्वीडनच्या बेंग्ट फाल्क यांनी १९५९ साली हे उंदरांत दाखवले, आणि तेही विलक्षण जागी: अंडाशयाचे वेगवेगळे तुकडे त्यांनी डोळ्याच्या पुढच्या कप्प्यात रुजवले आणि कोणत्या जोडीतून इस्ट्रोजेन निघते ते पाहिले. पुढे पिट्युटरी काम करत नसलेल्या स्त्रियांना निव्वळ एफएसएच दिले, तेव्हा पुटिका फुगल्या पण रक्तात इस्ट्राडायॉल जेमतेमच आले. कच्चा माल पुरवणारे एलएच नव्हते.

वाढत्या पुटिकांच्या या इस्ट्राडायॉलचा, आणि त्यांच्याच इनहिबिन-बीचा, परिणाम पिट्युटरीवर होतो. एफएसएच उतरू लागते. इथेच बाकीच्यांचा घात होतो. कालव्याचे आवर्तन सुटले की सगळ्यांच्या रानात पाणी येते. ते बंद व्हायच्या आत ज्याने विहीर खणून घेतली त्याचेच पीक पुढे तरते. पुटिकेची विहीर म्हणजे एलएच. दहा मिलिमीटरच्या आसपास पोचलेल्या पुटिकेच्या ग्रॅन्युलोसा पेशींवर एलएचचाही निरोप झेलणारे ग्राही उगवतात, आणि पेशीच्या आत हे दोन्ही हार्मोन एकाच निरोप्याकडून काम करून घेत असल्यामुळे एफएसएच आटले तरी तिचे अडत नाही. शिवाय तिच्याभोवती केशवाहिन्यांचे जाळे दाट झालेले असते, त्यामुळे जे थोडे एफएसएच उरले आहे त्याचाही मोठा वाटा तिच्याच पदरात पडतो. सहा-सात मिलिमीटरवर थांबलेल्या इतरांकडे यातले काहीच नसते. त्यांच्या पेशी ठरलेल्या क्रमाने मरू लागतात. आणि यातली खोच अशी की कालवा बंद करण्यात सर्वांत मोठा हात त्या पुढे गेलेल्या पुटिकेचाच असतो; रक्तातल्या इस्ट्राडायॉलचा ९० टक्क्यांहून अधिक भाग पुढे तिच्या एकटीचा असतो.

माकडांवरच्या दोन प्रयोगांनी हे पक्के केले. अमेरिकेत गॅरी हॉजेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ऱ्हीसस माकडिणींच्या अंडाशयातली सर्वांत मोठी पुटिका डाग देऊन नष्ट केली. दुसऱ्या क्रमांकाची पुटिका लगेच जागा घेईल असे वाटणे साहजिक होते. तसे झाले नाही. पुढचे बीज सुटायला जवळपास दोन आठवडे लागले, कारण राखीव असे कोणी उरलेलेच नव्हते. नवी तुकडी पहिल्यापासून वाढवावी लागली. दुसरा प्रयोग पिट्सबर्गच्या अँथनी झेलेझनिक यांचा, १९८५चा. त्यांनी माकडिणींना इस्ट्राडायॉल निष्प्रभ करणारी प्रतिपिंडे टोचली. पिट्युटरीला 'पुरे' असा निरोप पोचलाच नाही, एफएसएच उतरले नाही, आणि एकीऐवजी अनेक पुटिका शेवटच्या मापापर्यंत वाढल्या. मरायला निघालेल्या त्या पुटिकांत मुळात काही खोट होती असे यानंतर म्हणणे कठीण आहे.

पिट्युटरीच्याही वर हायपोथॅलॅमस आहे, पण त्याच्याबद्दल थोडक्यात सांगून पुढे जातो. तिथून जीएनआरएच हे हार्मोन सुटते. ते ओळखण्याच्या कामासाठी रॉजर गीयमँ आणि अँड्र्यू शाली यांना १९७७ साली नोबेल मिळाले. त्याचा खरा स्वभाव पिट्सबर्गच्या अर्न्स्ट क्नोबिल यांनी उलगडला. तासाला एक ठोका या गतीने दिले तर पिट्युटरी नीट चालते, सतत धारेने दिले तर ती बंद पडते. आयव्हीएफमध्ये बीज वेळेआधी सुटू नये म्हणून दिली जाणारी काही इंजेक्शने याच विसंगतीवर उभी आहेत. दुसरी विसंगती इस्ट्राडायॉलची. तेच हार्मोन आधी पिट्युटरीला दाबते आणि मग, निवडलेल्या पुटिकेने त्याची पातळी मिलिलिटरमागे २०० पिकोग्रॅमच्या वर नेऊन दोनेक दिवस तिथे टिकवली की, उलटा परिणाम होऊन एलएचची लाट उसळते. लाट सुरू झाल्यावर सुमारे ३६ तासांत पुटिका फुटते. बीज केव्हा सोडायचे याची वेळ मेंदू ठरवत नाही. पुटिका स्वतःच कळवते की मी तयार आहे.

इथवरची कहाणी नीटनेटकी आहे, म्हणूनच तिच्यावर थोडा संशय घ्यावा. कॅनडात सस्कॅचवान विद्यापीठात अँजेला बेअरवाल्ड, रॉजर पिअरसन आणि ग्रेग अ‍ॅडम्स यांनी २००३ साली ५० निरोगी स्त्रियांच्या संपूर्ण चक्राची रोज सोनोग्राफी केली. गायी-घोड्यांच्या अभ्यासातून त्यांना अशी शंका आली होती की पुटिकांची तुकडी महिन्यातून एकदाच वर येते हे खरे नसावे. नव्हतेच. ६८ टक्के स्त्रियांत दोन लाटा दिसल्या, उरलेल्यांत तीन. त्यांतल्या शेवटच्या लाटेतूनच बीज सुटत होते. आधीच्या लाटा येऊन विरत होत्या, कारण पीतपिंडाच्या प्रोजेस्टेरॉनखाली एलएचची लाट उसळूच शकत नाही. हे वाचल्यावर 'तेच का' या प्रश्नातली बरीचशी हवा निघून जाते. उमेदवार महिनाभर येत-जात असतात, दार उघडते तेव्हा जे मापात असतील त्यांच्यातच चुरस होते, आणि त्यातही आधीच अर्धा-एक मिलिमीटर पुढे असलेलीला तो फायदा पुरतो.

आतापर्यंत बीजाचा विषयच निघाला नाही. पिट्युटरी, पुटिकेच्या भिंती, रक्तवाहिन्या सगळे बोलले. ज्याच्यासाठी हा खटाटोप ते बीज गप्प असते असे शास्त्रज्ञांनाही फार काळ वाटत होते. ते गप्प नसते हे मेंढ्यांनी दाखवले, आणि ती हकिगत कोलकात्याहून ऑस्ट्रेलियामार्गे फलटणला येते.

ऑस्ट्रेलियात बूरूला नावाच्या एका मालमत्तेवरच्या मेरिनो मेंढ्यांना दोन, तीन, कधी त्याहूनही जास्त कोकरे होत. हा गुण एकाच जनुकाने पिढ्यान्‌पिढ्या उतरतो हे पुढे कळले, आणि २००१ साली तीन वेगवेगळ्या गटांनी जवळजवळ एकाच वेळी त्यातला बदल शोधला: बीएमपीआर१बी या ग्राहीतले एकच अमिनो आम्ल बदललेले. या ग्राहीला जे निरोप पोचतात ते ज्या प्रथिनांच्या घराण्यातले आहेत त्यांतली जीडीएफ९ आणि बीएमपी१५ ही दोन बीज स्वतःच सोडते. म्हणजे पुटिकेने किती सावकाश पिकायचे यात बीजाचाही शब्द चालतो. निरोप कमकुवत पडला की ग्रॅन्युलोसा पेशी लवकर पिकतात, एलएचचे ग्राही लवकर उगवतात आणि पुटिका लहान मापावरच फुटायला तयार होते.

बूरूला मेंढीच्या फुटायला आलेल्या पुटिका साध्या मेंढीच्या पुटिकेपेक्षा लहान असतात, पण त्या सगळ्यांच्या ग्रॅन्युलोसा पेशींची बेरीज साध्या मेंढीच्या एका मोठ्या पुटिकेएवढीच भरते. इस्ट्राडायॉल आणि इनहिबिनही सगळ्यांचे मिळून तेवढेच. पिट्युटरी डोकी मोजत नाही, ती एकूण आवक पाहते. एका पुटिकेने ती भरली तर एक बीज, तिघींनी मिळून भरली तर तीन. 'एकच का' याचे इतके सोपे उत्तर मला दुसरीकडे कुठे सापडले नाही.

हे जनुक बूरूलात आले कुठून? अठराव्या शतकाच्या अखेरीस कोलकात्याहून ऑस्ट्रेलियात गेलेल्या बंगाली मेंढ्यांकडून. सुंदरबनातली लहानखुरी गारोळ मेंढी ही त्यांचीच भावकी, आणि तिच्यातही तोच बदल सापडला. सातारा जिल्ह्यातल्या फलटणला बनबिहारी निंबकर यांनी स्थापन केलेल्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने गारोळ मेंढ्या नव्वदच्या दशकातच आणल्या होत्या. डॉ. चंदा निंबकर आणि सहकाऱ्यांनी त्यांच्यातले हे जनुक आपल्याकडच्या दख्खनी मेंढीत उतरवले आणि 'नारी सुवर्णा' हे वाण तयार झाले. दख्खनी मेंढीला बहुतेक वेळा एकच कोकरू होते. जनुकाची एक प्रत असली तर जुळ्यांचे प्रमाण इतके वाढते की सरासरी दीडच्या आसपास जाते. दुष्काळी मुलखातल्या धनगराच्या दृष्टीने एक प्रत पुरे; दोन प्रतींनी तिळी होऊ लागली तर आईचे दूध पुरत नाही. पुटिकांच्या निवडीवरचे मूलभूत संशोधन आणि मेंढपाळाचा हिशेब इतक्या जवळ आलेला क्वचितच पाहायला मिळतो.

माणसांत हाच हिशेब जुळ्यांच्या रूपाने दिसतो. अर्थात दोन वेगळ्या बीजांपासून झालेल्या जुळ्यांच्या. नायजेरियातल्या योरुबा लोकांत जुळ्यांचे प्रमाण हजार बाळंतपणांत चाळिसाच्या वर नोंदले गेले आहे, भारतात ते दहाच्या आतबाहेर आहे. इबादानला सत्तरच्या दशकात तपासले तेव्हा जुळी झालेल्या मातांच्या रक्तात एफएसएच जास्त आढळले. २०१६ साली जुळ्यांच्या मातांच्या जनुकांचा मोठा अभ्यास झाला, त्यात ठळकपणे दोन जागा पुढे आल्या; एक एफएसएचच्या स्वतःच्या जनुकापाशी, दुसरी स्मॅड३ या, पुटिकेने एफएसएचला दाद देण्याशी संबंधित जनुकात. आणि पस्तिशीनंतर जुळ्यांचे प्रमाण वाढते ते का? वयानुसार पुटिका कमी होतात, इनहिबिन-बी घटते, एफएसएच थोडे चढे राहते आणि अधूनमधून दोघी पुढे जातात. साठा आटत असताना जुळी वाढावीत, हे वरवर विपरीत वाटते खरे.

इथेच सुदृढ बीजाच्या समजुतीचाही निकाल लावता येतो. निवड जर बीजाचे गुण पारखून होत असती, तर चाळिशीत गुणसूत्रांचे दोष असलेली बीजे गाळली गेली असती. तसे होत नाही. वय वाढते तसे अशा दोषांचे प्रमाण वाढत जाते, गर्भपात वाढतात, डाउन सिंड्रोमही वाढतो, आणि हे सगळे नैसर्गिकरीत्या निवडल्या गेलेल्या एकुलत्या एका बीजापासून. पुटिकेच्या भिंतीला आतल्या गुणसूत्रांची खबर नसते. भिंत उत्तम वाढली म्हणजे आतले बीज उत्तम, असे म्हणता येत नाही.

वंध्यत्वावरचे उपचार म्हणजे एफएसएच उंबरठ्याच्या वर टिकवून ठेवण्याची कला. त्यासाठी लागणारे एफएसएच सुरुवातीला मिळाले कुठून, तर पाळी गेलेल्या स्त्रियांच्या लघवीतून. पुटिका संपल्या, इस्ट्राडायॉल आणि इनहिबिन थांबले, पिट्युटरीला आवरणारे कोणी उरले नाही, म्हणून या वयात एफएसएच भरपूर बनते आणि लघवीवाटे बाहेर पडते. इटलीतल्या सेरोनो कंपनीच्या पिएरो डोनिनी यांनी ते वेगळे काढले. निर्मितीसाठी हजारो लिटर लघवी लागे आणि ती गोळा करण्याची एक सोयीची जागा म्हणजे वृद्ध नन्सचे मठ. इस्राएलचे ब्रूनो लुनेनफेल्ड यांनी हे औषध, एचएमजी, साठच्या दशकाच्या सुरुवातीला यशस्वीपणे वापरले.

१९७८ साली ओल्डहॅममध्ये जन्मलेले जगातले पहिले टेस्ट ट्यूब बाळ मात्र इंजेक्शनांशिवायच्या चक्रातले होते. ब्रिटनच्या स्टेप्टो आणि एडवर्ड्स यांनी शरीराने स्वतः निवडलेले एकच बीज काढले होते. त्याच वर्षी ३ ऑक्टोबरला कोलकात्यात डॉ. सुभाष मुखर्जी यांच्या प्रयत्नांनी बाळ जन्मले, आणि त्यांनी एचएमजी देऊन अनेक बीजे मिळवली होती, गर्भ गोठवलाही होता. पुढे जगभर रूढ झालेली वाट हीच. सरकारी चौकशी समितीने त्यांना खोटे ठरवले. १९८१ साली त्यांनी आत्महत्या केली. मुंबईत परळच्या केईएम रुग्णालयात ६ ऑगस्ट १९८६ रोजी डॉ. इंदिरा हिंदुजा आणि डॉ. टी. सी. आनंद कुमार यांच्या कामातून झालेला जन्म भारतातला पहिला म्हणून गाजला. मुखर्जींची कागदपत्रे पाहिल्यावर १९९७ साली आनंद कुमार यांनीच जाहीरपणे पहिलेपणाचा मान त्यांना दिला. विज्ञानात असे मोठे मन फारसे दिसत नाही.

आयव्हीएफला बसणाऱ्या जवळजवळ प्रत्येकीच्या मनात एक भीती असते: एका वेळी दहा-बारा बीजे काढली तर साठा लवकर संपेल का? संपत नाही. इंजेक्शन साठ्याला हात लावत नाही. त्या महिन्यात तयार उभ्या असलेल्या आणि एरवी मरणार असलेल्या पुटिकांनाच ते जगवते. उंबरठ्यापर्यंत ज्या आलेल्याच नाहीत त्यांना एफएसएच काही करू शकत नाही, डोस कितीही वाढवा. शांघायच्या यानपिंग कुआंग यांनी २०१४ साली याच्या पुढची पायरी दाखवली. एकाच चक्रात दोनदा इंजेक्शने, दुसऱ्यांदा पहिली बीजे काढून झाल्यावर, म्हणजे पूर्वी ज्या काळात अंडाशय निजलेले मानत त्या काळात. दुसऱ्या फेरीतही उपयोगी बीजे मिळाली. बेअरवाल्ड यांच्या लाटा इथे प्रत्यक्ष कामाला आल्या.

निवड अडली की काय होते ते पीसीओडीत दिसते. शिकागोच्या स्टाइन आणि लेव्हेंथाल यांनी १९३५ साली सात स्त्रियांचे वर्णन केले तेव्हापासून या विकाराला गाठींचे नाव चिकटले आहे, आणि त्या नावाने मुली उगाच धास्तावतात. अंडाशयात दिसतात त्या गाठी नव्हेत, दोन ते नऊ मिलिमीटरवर अडकलेल्या साध्या पुटिका. संख्या जास्त म्हणून एएमएच जास्त, आणि एएमएच एफएसएचची धार बोथट करते. एलएच आणि इन्शुलिन चढलेले असले की अँड्रोजेन वाढते. लंडनच्या स्टीफन फ्रँक्स यांच्या गटाला या स्त्रियांच्या चार मिलिमीटरच्या पुटिकाही एलएचला दाद देताना आढळल्या. निरोगी स्त्रीत हे दहा मिलिमीटरजवळ घडते. अकाली पिकून त्या तिथेच थबकतात. उमेदवार खंडीभर, पण पुढे जाणारे कोणी नाही. त्यात त्या सगळ्यांच्या मिळून येणाऱ्या हार्मोनमुळे एफएसएच हवे तितके चढतही नाही.

उपचाराचे तत्त्व त्यामुळे सोपे: एफएसएचला थोडा, थोड्याच काळासाठी उठाव द्यायचा. क्लोमिफीन इस्ट्रोजेनचे ग्राही अडवून ते करते, पण त्याचा अंमल लांबतो. लेट्रोझोल इस्ट्रोजेन बनणेच काही दिवस कमी करते आणि लवकर ओसरते. तोवर वाढलेल्या पुटिकेचे इस्ट्राडायॉल पिट्युटरीला नेहमीसारखे आवरू शकते, म्हणून बहुधा एकच पुढे जाते. टोरंटोच्या मितवल्ली आणि कॅस्पर यांनी २००१ साली ही वाट दाखवली. २०१४च्या मोठ्या अमेरिकी चाचणीत ७५० स्त्रियांपैकी लेट्रोझोल घेणाऱ्यांत २७.५ टक्क्यांना बाळ झाले, क्लोमिफीन घेणाऱ्यांत १९.१ टक्क्यांना. भारतात मात्र २०११ साली वंध्यत्वासाठी लेट्रोझोल वापरायला बंदी झाली होती. ती नंतर उठली. मधल्या वर्षांत किती जणींना कमी उपयोगाच्या गोळ्यांवर भागवावे लागले असेल ते सांगता येत नाही, पण ही किंमत मोजावी लागली ती शास्त्राच्या अभावी नव्हे. गोळ्यांनी भागले नाही तर इंजेक्शने, तीही अगदी कमी डोसापासून थोडीथोडी वाढवत. ब्राउन यांच्या १० ते ३० टक्क्यांची आठवण ठेवून.

अलीकडे एएमएचची तपासणी तिशीच्या आतल्या मुलींना 'तुमची फर्टिलिटी जाणून घ्या' म्हणून विकली जाते. हा आकडा कमी आला की रडारड, घाईने लग्न, घाईने बीजे गोठवणे. रक्तातले एएमएच लहान पुटिकांची संख्या सांगते, त्यातून साठ्याचा अंदाज येतो, इथवर ठीक. नैसर्गिक गर्भधारणेबद्दल ते फारसे काही सांगत नाही, आणि या लेखात आलेल्या गोष्टींवरून याचे कारण उघड आहे: दहांतून एक निवडले काय किंवा चारांतून एक, बाहेर पडणार एकच. २०१७ साली ॲन स्टाइनर यांनी तिशी ते चव्वेचाळिशीतल्या, वंध्यत्वाचा इतिहास नसलेल्या ७५० स्त्रियांवर हे पाहिले. एएमएच कमी असलेल्यांना दिवस राहायला इतरांपेक्षा अधिक वेळ लागला नाही. या तपासणीचा खरा उपयोग आयव्हीएफच्या इंजेक्शनांचा डोस ठरवताना होतो. आकडा खूप वर असेल आणि नेहमीचा डोस दिला तर तीस-चाळीस पुटिका एकदम उठतात, रक्तवाहिन्यांतून द्रव पाझरून पोटात साठतो आणि बाईला दवाखान्यात ठेवावे लागते. आकडा फार खाली असेल तर डोस दुप्पट करूनही हाती दोन-तीनच बीजे लागतात, आणि हे रुग्णाला पहिल्या इंजेक्शनाच्या आधी सांगितलेले बरे.